श्रीरामपूरचा गोलंदाज

आपल्या नगर जिल्ह्यांत, श्रीरामपूर येथें, १९७८ सालीं जहीर खान जन्मला. सतराव्या वर्षीं तो मुंबईस गेला आणि २००० सालीं भारतीय संघांत आला. पुढें दुखापतींनीं त्यास गांठलें. २००६ सालीं संघांतील जागाही गेली. खेळ हाच ज्याचा व्यवसाय, त्याची कसोटी अशाच वेळीं लागते. जहीर इंग्लंडांत वूस्टरशायर परगण्याच्या संघाकडून खेळूं लागला व त्या एका मोसमांत त्यानें ७८ बळी मिळविले. दुसऱ्याच वर्षीं नॉटिंगहॅमच्या सामन्यांत ९ गडी बाद करून त्यानें भारतास विजय मिळवून दिला. त्याच विजयावर इंग्लंडमधील मालिका २१ वर्षांनीं आपल्याकडे आली. २०११ च्या विश्वचषकांतील त्याचे २१ बळी सर्वांस ठाऊक आहेत. मुलांस मात्र मी आधीं वूस्टरचा तो उन्हाळा सांगतों.