मधली वर्षं

मागच्या जूनमध्ये तेरा वर्षांनी मी पुन्हा खडू हातात घेतला. मुलाखतीत एका साहेबांनी माझ्या बायोडाटावर बोट ठेवून विचारलं, "बी.एड. झालंय, थोडं शिकवलंयही. मग मधे काय केलंत मॅडम?" मी म्हटलं, "तीन मुलं वाढवली." ते म्हणाले, "म्हणजे घरीच होतात." तासिका तत्त्वावर घेतलं त्यांनी, पण ते 'घरीच' माझ्या कानात राहिलं.

त्या रात्री मला इक्बालुन्निसा हुसैन आठवल्या. सावित्रीबाईंबरोबर फातिमा शेख यांचं नाव आता निदान घेतलं तरी जातं; बेंगळुरूच्या या बाई मराठीत फारशा कुणाला माहीत नाहीत.

जन्म १८९७चा. पंधराव्या वर्षी निकाह झाला. शौहर सय्यद अहमद हुसैन म्हैसूर संस्थानात सरकारी नोकरीत होते. सात मुलं झाली. मग १९३० साली म्हैसूरच्या महाराणी कॉलेजातून त्या बी.ए. झाल्या, सुवर्णपदकासह. १९३३ साली, छत्तिसाव्या वर्षी, थोरल्या मुलाबरोबर इंग्लंडला गेल्या आणि लीड्स विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकल्या. १९३५ साली इस्तंबूलच्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेला गेल्या. मुलींच्या उर्दू शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या, मुस्लिम शिक्षिकांची संघटना उभी केली.

आता वरचा परिच्छेद पुन्हा वाचा. निकाहापासून पदवीपर्यंतची जवळजवळ अठरा वर्षं मीसुद्धा "सात मुलं झाली" या तीन शब्दांत उरकली! साहेबांवर रागावायला मी मोकळी, पण लिहिताना माझाही हात तसाच चालला.

ती वर्षं कुठे गेली हे बघायचं तर त्यांची १९४४ची 'पर्दा अँड पॉलिगमी' ही इंग्रजी कादंबरी उघडावी. दिलखुशा नावाचं एक घर, त्यात सत्ता गाजवणारी सासू जुहरा, तिचा मुलगा कबीर आणि त्याच्या एकामागून एक आलेल्या बायका. स्वयंपाकघरात कुणाचं चालतं, आजारी सुनेकडे कोण कसं बघतं, सासू मुलाला कसं हाताशी धरते, सगळं त्यात आहे. आणि लेखिकेच्या जिभेला धार आहे. हे लीड्सला शिकवत नाहीत. घरात राहून, डोळे उघडे ठेवलेल्या बाईनेच ते लिहावं.

अर्थात त्यांना शौहरची साथ होती, घरात पगार येत होता. आमच्या सोलापुरात मुलं वाढवता वाढवता विड्या वळणाऱ्या बायांना कुणी 'घरीच होतात' म्हणतं, तेव्हा तर हद्दच होते.

माझं म्हणाल तर मी २०११ला शाळा सोडली आणि २०१३ला राज्यात पहिली टीईटी झाली. आता कायम व्हायचं तर ती पास व्हायलाच हवी. रात्री दस्तरखान आवरून पुस्तक उघडते. पहिलाच विभाग बालमानसशास्त्राचा, तीस प्रश्नांचा. परवा धाकटी शेजारी बसून प्रश्न वाचत होती: मूल खोटं बोललं तर शिक्षकाने काय करावं? चार पर्याय होते. ती म्हणाली, "अम्मी, तू करतेस ते यात नाहीच आहे."