स्वयंचलित गिअरबॉक्स : दोषनिदान

इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या स्वयंचलित गिअरबॉक्समधील बिघाड शोधण्याची पद्धत. गाडी एकाच गिअरमध्ये अडकली, तर संगणकाने बहुधा संरक्षक अवस्था पत्करलेली असते. स्टीअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की कोड मिळतो. पण ‘पी ०७००’ हा कोड एवढेच सांगतो, की गिअरबॉक्सच्या संगणकाकडे तक्रार नोंदली आहे. कोड पाहून थेट सुटा भाग बदलणे म्हणजे अंधारात दगड. आधी बॅटरी, तेलाची पातळी व वास. मग वायरिंग, वेगाचे सेन्सर, सोलेनॉइड. तेल काळपट, करपट वासाचे असेल तर क्लच जळू लागले समजावे. रायपूरला मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत चढतो. अशा उष्णतेत तेलाचा कूलर धुळीने चोंदलेला नाही ना, हे अवश्य पाहावे. २०१४ च्या सेलेरिओ मोटारीपासून भारतात रुळलेल्या एएमटीत, म्हणजे स्वयंचलित केलेल्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये, मात्र साधाच क्लच असतो. गिअर बदलतानाचा तिचा हलका झटका हा दोष नव्हे.