मूलनलिका-उपचारित दातांचे पुनःस्थापन

मूलनलिका उपचारात (रूट कॅनाल) दातातील रोगग्रस्त गर काढून मुळातील नलिका स्वच्छ करतात व भरून बंद करतात. त्यानंतर दाताचा नष्ट झालेला भाग पुन्हा उभारणे म्हणजे त्याचे पुनःस्थापन होय. त्यासाठी कोणते द्रव्य निवडावे, याविषयीच्या कल्पना गेल्या तीन शतकांत मुळापासून बदलल्या आहेत.

फ्रेंच दंतवैद्य प्येअर फोशार यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, मुळात सोन्याची वा चांदीची खुंटी बसवून तिच्यावर कृत्रिम दात जोडण्याची पद्धत वर्णिली आहे. पुढे लाकडी खुंट्याही प्रचारात आल्या. त्या ओलाव्याने फुगून घट्ट बसत. परंतु त्याच फुगण्याने पुष्कळदा मूळ दुभंगे. एकोणिसाव्या शतकात पारदमेल (पारा आणि चांदी-कथिल यांचे मिश्रण) वापरात आले व जी. व्ही. ब्लॅक यांनी शतकाच्या अखेरीस त्याच्या घटकांचे योग्य प्रमाण प्रयोगांनी ठरविले. डब्ल्यू. एच. टॅगर्ट यांनी १९०७ मध्ये मेणाच्या प्रतिकृतीवरून सोन्याचे ओतकाम करण्याची रीत मांडली. तीमुळे नेमक्या मापाच्या ओतीव खुंट्या व टोप्या बनविणे सुकर झाले.

गर काढलेला दात ठिसूळ होतो व धातूची खुंटी त्याला बळकटी देते, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. सोरेनसन व मार्टिनॉफ यांनी १९८४ मध्ये १,२७३ उपचारित दातांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत खुंटीने दाताचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. दाढा व उपदाढा यांना मात्र टोपीचा स्पष्ट लाभ झाला. १९८९ मध्ये रीह व सहकाऱ्यांनी केलेल्या मापनांत मूलनलिका उपचाराने दाताची ताठरता सु. ५ टक्केच घटली, तर दोन्ही बाजूंच्या कडा तोडणाऱ्या पोकळीने ती सु. ६३ टक्के घटली. म्हणजे दात दुर्बल होतो तो मुख्यतः ऊतक गमावल्यामुळे. खुंटीचे कार्य वरचा गाभा धरून ठेवण्यापुरतेच आहे.

पोलादाची ताठरता दंतिनाच्या सु. दहापट असल्याने ताण मुळात एकवटतो. म्हणून १९९० नंतर दंतिनाशी जवळीक असणाऱ्या तंतुमय खुंट्या पुढे आल्या. ब्वोनोकोर यांचे अम्लसंस्करण (१९५५) व बोएन यांचे राळयुक्त संमिश्र (१९६२) यांमुळे द्रव्य दाताला चिकटविता येऊ लागले होतेच. पाऱ्याच्या प्रदूषणामुळे यूरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, अपवाद वगळता, पारदमेलाचा वापर बंद केला.

पुढचा दात बहुतांशी शाबूत असल्यास संमिश्राचे भरण सामान्यतः पुरते; चावण्याचा भार सोसणाऱ्या दाढेस धातूची, चिनी मातीची वा झिर्कोनियाची टोपी बसवितात. कोणतेही द्रव्य निवडले, तरी हिरडीच्या वर सु. २ मिमी. उंचीचे निरोगी दंतिन सभोवार शिल्लक असणे अधिक महत्त्वाचे ठरते.