पाणबुडीचा घट, ट्रॅक्टरचा घट

मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘कलवरी’ ही पाणबुडी १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात दाखल झाली. तिच्या पोटात ३६० विद्युतघट बसविले होते. एकेकाचे वजन सुमारे ७५० किलोग्रॅम. खोल पाण्यात डिझेल इंजिनाला हवा मिळत नाही. तेथे सारी भिस्त घटांवर. असे घट वर्षानुवर्षे टिकविण्याची विद्या कशी घडली?

१८३८ मध्ये याकोबी यांनी सेंट पीटर्सबर्गच्या नेव्हा नदीत विजेवर नाव चालविली. तिच्या घटांतील जस्त वापराबरोबर झिजे. जस्त संपले की घट संपला. १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते यांनी शिशाच्या दोन पत्र्यांची गुंडाळी विरल गंधकाम्लात बुडविली आणि पुन्हा पुन्हा भारित करता येणारा घट जन्मला. मात्र त्याचे पत्रे तयार होण्यास महिनोन्‌महिने लागत. १८८१ च्या सुमारास कामीय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप दिला. वेळ वाचला, पण लेप गळू लागला. म्हणून तो शिशाच्या जाळीत भरला गेला. जाळी कणखर व्हावी यासाठी शिशात अँटिमनी मिसळले, तर घटातील पाणी लवकर आटू लागले!

घट मरतो कशाने, हे रसायनशास्त्राने सांगितले. १८८२ मध्ये ग्लॅडस्टन व ट्राइब यांनी दाखविले, की वीज देताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते आणि आम्ल खर्ची पडते. म्हणूनच आम्लाच्या विशिष्ट घनतेवरून घटाची स्थिती कळते. भरलेल्या घटात ती १.२६ च्या आसपास असते; वीज काढावी तशी उतरते. ताजे सल्फेट बारीक कणांचे असते व भारित करताना नाहीसे होते. घट रिकामा पडून राहिला, तर त्याचे मोठे, कठीण स्फटिक बनतात आणि ते सहजी परतत नाहीत. उलट, अति भारित केल्यास पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. बंद पाणबुडीत तर तो स्फोटक ठरतो.

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगाव समुद्रापासून दूर आहे. पण हंगामानंतर उभ्या ठेवलेल्या ट्रॅक्टरची बॅटरी याच रोगाने मरते. पडून राहिली तरी ती आपोआप रिकामी होत जाते. तिला अधूनमधून भारित करावे, पाण्याची पातळी उतरल्यास ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. बॅटरी दुरुस्तीच्या दुकानात घनतामापक असतो. त्याचे वाचन विद्यार्थ्यांना दुरून दाखवावे, आम्लाला हात लावू देऊ नये. घट वापराने झिजतो हे खरे. पण पुष्कळदा तो रिकामा ठेवल्याने अकाली मरतो.