पत्ता हुद्द्याचा, माणसाचा नव्हे

अठराव्या शतकात हिंगणे घराणं दिल्लीत पेशव्यांची वकिली करीत होतं. दरबारच्या बातम्या पुण्याला, पुण्याच्या आज्ञा दिल्लीला. हा पत्रव्यवहार घराण्याच्या दप्तरात टिकला, म्हणून पुढे भारत इतिहास संशोधक मंडळाला तो छापता आला. पण राज्याचा कागद एका घरात राहतो, तेव्हा त्याचं भवितव्यही त्या घराच्या हाती असतं.

फौजेत आम्ही संदेश हुद्द्याच्या नावे धाडायचो. चार्ज देताना कागद जागेवर ठेवूनच निघायचं.

निवृत्तीनंतर नोएडातल्या एका कार्यालयात ईमेलची खाती लावून देण्याचं काम आलं. सर्व्हर दोन दिवसांत चालू झाला. पण आधीच्या व्यवस्थापकाने सगळा व्यवहार स्वतःच्या खासगी खात्यावर केला होता. तो गेला आणि कार्यालयाची दोन वर्षं त्याच्यासोबत गेली.

केंद्र सरकारची ईमेल १९७६ साली स्थापन झालेलं एनआयसी सांभाळतं. २०१५च्या ईमेल धोरणाने अधिकाऱ्याला दोन पत्ते दिले: एक नावाचा, एक हुद्द्याचा. बदली झाली की हुद्द्याचा पत्ता येणाऱ्याकडे जातो. अलीकडे ही व्यवस्था झोहोच्या यंत्रणेवर गेली, तरी सरकारी पत्ते सरकारचेच राहिले.

म्हणून खातं उघडताना आधी हुद्द्यांची यादी करा, मग माणसांची. चार्ज देताना पासवर्ड बदला, टपाल मात्र जागेवर ठेवा. उद्याचं दप्तर तेच आहे.