पाव इंची रायफल काडतुसे

०.२५७ इंच (सु. ६.५ मिमी.) व्यासाची गोळी डागणारी, प्रामुख्याने अमेरिकेत रुजलेली रायफल काडतुसे. कुरणात बिळे पाडणारे वुडचक व प्रेअरी डॉग, मेंढरांवर पडणारे कोयोटी असे उपद्रवी प्राणी आणि पांढऱ्या शेपटीचे हरीण किंवा प्राँगहॉर्न, या दोन्ही शिकारी एकाच रायफलीने साधाव्यात, हे या बोराचे (नळीच्या आतील व्यासाचे) खरे आकर्षण. गोळीचा व्यास सगळ्यांत सारखाच; फरक पडतो तो पुंगळीत दारू किती मावते याने.

चार्ल्स न्यूटन याने रचलेले .२५०-३००० हे काडतूस सॅव्हेज कंपनीने १९१५ मध्ये बाजारात आणले. न्यूटनचा कल १०० ग्रेनच्या (सु. ६.५ ग्रॅम) गोळीकडे होता, पण सेकंदाला ३,००० फुटांचा वेग जाहिरातीत मिरवता यावा म्हणून कंपनीने ८७ ग्रेनची हलकी गोळी निवडली. नळीतील आट्यांचा पीळही तिच्या बेताने सैल, १४ इंचांत एक फेरा, ठेवला. परिणामी जुन्या रायफलींत १०० ग्रेनच्या लांब गोळ्या नीट स्थिरावतीलच असे नसे, आणि हरणासाठी नेमकी तीच गोळी हवी असते. पुढे १० इंची पिळाच्या नळ्या आल्या आणि हे काडतूस खऱ्या अर्थाने हरणाचे झाले. धक्का सौम्य असल्याने नवशिक्याच्या हाती द्यायला ते आजही उत्तम.

नेड रॉबर्ट्‌स याने ७ बाय ५७ माउझरच्या पुंगळीची मान आवळून वुडचकसाठी काडतूस तयार केले. त्याचेच थोडे बदललेले रूप रेमिंग्टनने १९३४ मध्ये .२५७ रॉबर्ट्‌स म्हणून आणले. जुन्या, कमी मजबूत रायफलींचा विचार करून कारखान्यांनी ते बेताच्या दाबाने भरले आणि त्याची ताकद झाकली गेली. मजबूत रायफलीत जपून हाताने भरलेले रॉबर्ट्‌स मात्र या कुळातले सर्वांत समतोल काडतूस ठरते. १९५५ मध्ये .२४३ विंचेस्टर आले आणि दोन्ही कामांचे गिऱ्हाईक तिकडे वळले.

.३०-०६ ची मान आवळून केलेले .२५-०६ हे १९२० च्या सुमारापासून हौशी बंदूककारांच्या हाती होते. रेमिंग्टनने त्याला कारखान्याचे रूप दिले ते थेट १९६९ मध्ये. १०० ग्रेनची गोळी ते सेकंदाला सु. ३,२०० फुटांनी सोडते; .२५० चा वेग तेवढ्याच गोळीला सु. २,८०० फूट. उघड्या माळावर, जिथे प्राँगहॉर्न जवळ येऊच देत नाही, तिथे हा फरक मोलाचा. रॉय वेदरबीचे .२५७ मॅग्नम त्याहूनही वेगवान आहे. पण प्रेअरी डॉगच्या वसाहतीवर लागोपाठ बार काढायला ते अयोग्य. नळी लवकर तापते आणि तिचा घसा झिजतो.

काडतुसाच्या नावाहून गोळीची बांधणी अधिक निर्णायक असते. उपद्रवी प्राण्यांसाठीच्या ७५ ते ८७ ग्रेनच्या बहुतेक गोळ्यांचे तांब्याचे कवच पातळ असते, म्हणजे त्या आदळताच फुटतात. वुडचकला तत्काळ मरण येते आणि दगडावर आपटून गोळी उसळण्याचा धोका घटतो. तीच गोळी हरणाच्या खांद्याच्या हाडावर बसली तर वरच्यावर चिंधड्या होऊन फुप्फुसांपर्यंत पोचत नाही, आणि जखमी जनावर रानात तडफडत फिरते. हरणासाठी १०० ते १२० ग्रेनची, जाड कवचाची किंवा शिशाचा गाभा कवचाला घट्ट जोडलेलीच गोळी वापरावी. गोळी बदलली की निशाणाचा बिंदूही सरकतो, म्हणून शिकारीला निघण्यापूर्वी लक्ष्यफलकावर बार काढून दुर्बीण पुन्हा जुळवून घ्यावी लागते.

हॉर्नडीच्या .२५ क्रीडमूरने अलीकडे घट्ट पीळ स्वीकारून १३० ग्रेनच्या पुढच्या, वाऱ्याला कमी ढळणाऱ्या गोळ्या या बोरात आणल्या. जुन्या १० इंची पिळाच्या नळ्यांना त्या पेलत नाहीत.