दिवसाला दहा हजार पावले: आकडा आला कुठून, आवश्यकता किती?

मनगटी घड्याळ किंवा मोबाइलवर दररोज चाललेली पावले मोजणाऱ्यांची संख्या देशभर वाढत आहे. यांपैकी बहुतेकांसमोर एकच लक्ष्य असते, ते म्हणजे दिवसाला १०,००० पावले. मात्र हा आकडा वैद्यकीय संशोधनातून नव्हे, तर एका जपानी उत्पादनाच्या नावातून रूढ झाला आहे.

१९६४च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये व्यायामाविषयी उत्साह होता. त्या वातावरणात १९६५मध्ये यामासा या कंपनीने कमरेला लावायचे पाऊलमापक यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव होते ‘मान्पो-केई’, म्हणजेच ‘दहा हजार पावलांचा मापक’. लक्षात ठेवण्यास सोपा असलेला हा आकडा पुढे जगभर पोहोचला.

जुन्या यंत्रांत कमरेच्या हालचालीसोबत हलणारा लहानसा लंबक पावले मोजत असे. आताच्या उपकरणांत त्वरणमापक संवेदक असतो. तो तिन्ही दिशांमधील हालचाल टिपतो आणि संगणकीय प्रणाली त्यातून चालण्याची लय ओळखते. त्यामुळे हातवाऱ्यांची किंवा खडबडीत रस्त्यावरील वाहनाच्या हादऱ्यांची गणना पावलांत होऊ शकते. उलट, अतिशय संथ चालणाऱ्यांची किंवा बाबागाडी ढकलणाऱ्यांची पावले मनगटावरील उपकरणातून निसटू शकतात. म्हणूनच एका दिवसाच्या अचूक संख्येपेक्षा त्याच उपकरणावरील आठवड्याची सरासरी अधिक उपयुक्त ठरते.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६ हजारांहून अधिक महिलांचा अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या महिलांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्के कमी आढळले. सुमारे ७,५०० पावलांनंतर मात्र लाभात विशेष वाढ दिसली नाही. २०२२मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार, साठीपुढील व्यक्तींमध्ये ६,००० ते ८,००० आणि त्याहून कमी वयाच्या प्रौढांमध्ये ८,००० ते १०,००० पावलांपर्यंत लाभ वाढत जातो. हे अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. मुळात प्रकृती चांगली असणारेच अधिक चालतात, ही शक्यता त्यांत पूर्णपणे नाकारता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने पावलांचे कोणतेही लक्ष्य ठरवलेले नाही. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेची शारीरिक हालचाल करावी, अशी संघटनेची शिफारस आहे. मिनिटाला सुमारे १०० पावलांचा वेग साधारणतः मध्यम तीव्रतेचा मानला जातो. त्या हिशेबाने अर्ध्या तासाच्या भरभर चालण्यात सुमारे ३,००० पावले होतात आणि आठवड्यातून पाच दिवस तसे चालल्यास १५० मिनिटे पूर्ण होतात.

भारतातील स्थिती

२०१७मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोबाइलवरील नोंदींच्या अभ्यासात भारतीयांची दैनंदिन सरासरी ४,२९७ पावले, तर जागतिक सरासरी ४,९६१ पावले होती. २०२४मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, देशातील जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी आहे. महिलांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के आहे. केंद्र सरकारच्या ‘फिट इंडिया’ ॲपमध्येही पावले मोजण्याची सुविधा आहे.

सुरुवात कशी करावी?

प्रथम आठवडाभर नेहमीप्रमाणे चालून स्वतःची सरासरी नोंदवावी. त्यानंतर दर एक-दोन आठवड्यांनी त्यात ५०० ते १,००० पावलांची भर घालावी. हृदयविकार, मधुमेहामुळे पायांना आलेली बधिरता किंवा तीव्र गुडघेदुखी असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चालताना छातीत दुखल्यास किंवा चक्कर आल्यास लक्ष्य अपुरे असले तरी तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. पोहणे, सायकल चालवणे किंवा वजन उचलणे या व्यायामांचे मोल पावलांच्या संख्येत दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.